सही सरांची, शब्द तडेबाईचे

तडेबाई हे काही तिचं आडनाव नव्हे, ते मी ठेवलेलं नाव. पोलादाच्या जोडांना तडे कसे जातात यावर ती संशोधन करायची. तडा सापडला की हॉलच्या दुसऱ्या टोकावरून मला ओरडून सांगायची, "मामा, आला, आला!" नवख्या माणसाला वाटायचं कुणी पाहुणाच आला. हे नाव इतकं चिकटलं की एकदा ऑफिसातून 'श्रीमती तडे' अशी नोटीस आली, आणि बाईनं मुकाट्यानं सही करून ती घेतली.

मी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या टेस्टिंग हॉलमध्ये सव्वीस वर्षं मेकॅनिक आहे. लोखंड कापायचं, वेल्ड मारायचा, नमुने घासून गुळगुळीत करायचे, मशीनच्या जबड्यात बसवायचे आणि मशीन रुसलं की त्याची समजूत काढायची, हे माझं काम. सव्वीस वर्षांत शे-दीडशे संशोधक आले आणि गेले. पाना कुठल्या बाजूनं धरायचा हे त्यातल्या निम्म्यांना मी शिकवलं, आणि पुढे रस्त्यात भेटल्यावर त्यांनी ओळखसुद्धा दाखवली नाही. माझी त्याबद्दल तक्रार नाही. म्हणजे आहे, पण ती इथे काढत नाही. तडेबाईबद्दल मात्र लिहायलाच हवं, कारण तिचं जे झालं त्यात माझाही हात आहे.

तिचं काम बाहेरच्याला वेडेपणाच वाटेल. पुलाच्या तुळयांना असतो तसा वेल्डचा जोड मी लहान तुकड्यात करून द्यायचा. तो मशीनमध्ये अडकवून सेकंदाला दहा वेळा ताणायचा आणि सोडायचा. वीस लाख फेरे झाले की मशीन थांबवून भिंगातून बघायचं, केसाहून बारीक रेघ उमटली का. नसेल उमटली तर पुन्हा वीस लाख. एकेक तुकडा दहा-बारा दिवस चालायचा. पूल पडायच्या आधी काही सांगतो का, सांगत असेल तर किती आधी, एवढंच तिला शोधायचं होतं. आणि ती शोधत आणली होती. तिचे आलेख मला कळत नाहीत, पण तडा कुठे येणार ते ती खडूनं खूण करून ठेवायची आणि दहातल्या आठ वेळा तो तिथेच यायचा. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

असं असून तिला नोकरी नव्हती. पीएचडी झाल्यावर लोक पोस्टडॉक होतात. म्हणजे विद्यार्थी नाही आणि मास्तरही नाही, असं मध्येच लटकायचं. दर वर्षी करार संपतो. लॅब चालवणाऱ्या सरांच्या प्रोजेक्टला मुदतवाढ मिळाली तर हिलाही मिळते. अशी ती जवळजवळ पाच वर्षं लटकली होती. नवरा नऊ तासांच्या अंतरावरच्या एका गावात शाळामास्तर. मुलगा सहा वर्षांचा, बापाकडे आणि आजीकडे राहायचा. ही महिन्यातून एकदा जायची आणि रोज संध्याकाळी साडेसहाला मशीनपाशी उभी राहून फोन करायची. "जेवलास का? गृहपाठ झाला का? आजीला त्रास देत नाहीस ना?" इतकंच. आई फोनवरून आणखी काय करणार?

सगळी आशा एका फेलोशिपवर होती. तरुण संशोधकांसाठीची ती फेलोशिप तीन वर्षांची, आणि तिचं वैशिष्ट्य असं की पगार आपला आपल्याबरोबर येतो. कुठल्याही कॉलेजात बसून काम करा. नवऱ्याच्या गावातल्या कॉलेजात ताडपत्रीखाली झाकलेलं एक जुनं मशीन होतं. तिथल्या प्राचार्यांनी लेखी दिलं होतं, "बाई, पगार तुमचा तुम्ही आणणार असाल तर मशीनच काय, खोलीही घ्या." मी स्वतः सुट्टी काढून तिच्याबरोबर जाऊन ते मशीन बघून आलो. सील गेली होती, तेल गळत होतं, पण सांगाडा खणखणीत होता. तिच्या घरी जेवायला थांबलो तर मुलगा माझ्याकडे टक लावून बघत होता. मग म्हणाला, "आई तुमच्याकडे राहते ना?" नवरा हसला, मीही हसलो. ती ताट घेऊन आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

आता मेख अशी होती की या फेलोशिपला पीएचडी झाल्यापासून पाच वर्षांच्या आतच अर्ज करता येतो. तडेबाईनं आधी दोनदा केला होता. दोन्ही वेळा मुलाखतीपर्यंत गेली आणि तिथून परत आली. हे तिचं शेवटचं वर्ष होतं. यंदा मिळाली तर मुलगा, नवरा आणि काम सगळं एका गावात. नाही मिळाली तर करारही संपत होता आणि वयाची नसली तरी कागदाची म्हातारी ती झालीच होती.

इथे आमच्या लॅबची एक पद्धत सांगायला हवी. अर्जाला सरांचं शिफारसपत्र लागतं. सर मोठे माणूस. दहा समित्यांवर, वीस बैठकांना. पत्र मागायला गेलं की ते म्हणायचे, "तूच लिहून आण, मी सही करतो." बाहेरच्या लोकांना हे ऐकून धक्का बसतो, पण बऱ्याच लॅबमध्ये असंच चालतं. आमच्याकडे त्याची पुढची पायरी गाठली होती. तडेबाईची भाषा चांगली म्हणून सगळ्यांचीच पत्रं ती लिहायची. पोरं स्वतःबद्दल चार ओळी खरडून तिच्याकडे द्यायची, ती त्याचं सरांच्या तोंडी शोभेल असं पत्र करायची, आणि सर न वाचता सही ठोकायचे.

त्यात तिचा हातखंडा होता. आमच्याकडे एक ठोंब्या होता, नमुने तोडण्यात पटाईत. टेस्टमध्ये नव्हे हो, हातातून पाडून. त्याच्याबद्दल काय लिहिणार म्हणून मी कुतूहलानं वाचलं. तिनं लिहिलं होतं, 'स्वतःची चूक हा तरुण कधी लपवत नाही, आणि आमच्या क्षेत्रात हा गुण हुशारीपेक्षा दुर्मीळ आहे.' आणि ते खरं होतं! पाडलं की ठोंब्या लगेच येऊन सांगायचा. मी त्याला शिव्या घालण्याच्या नादात ते कधी पाहिलंच नव्हतं. ठोंब्या आज परदेशात मोठ्या हुद्द्यावर आहे.

पाच वर्षांपूर्वी धाकटी आली. ती सगळ्यात लहान, म्हणून धाकटी. चुणचुणीत आणि कामाला वाघ. तडेबाईनं तिला भिंग धरण्यापासून सगळं शिकवलं, स्वतःच्या डब्यातलं खाऊ घातलं, ताप आला तेव्हा दवाखान्यात नेलं. धाकटीची पीएचडी होऊन जेमतेम सहा महिने झाले होते. सर तिला म्हणाले, "तूही भरून टाक अर्ज. अनुभव येईल." म्हणजे तिच्यापुढे अजून चार वर्षं होती आणि तडेबाईपुढे हे एकच. हे सरांच्या लक्षात आलं नाही. तडेबाईच्या आलं असणार, पण ती बोलली नाही.

अर्थातच दोघींची पत्रं लिहायचं काम तडेबाईकडेच आलं. त्या वर्षी फॉर्ममध्ये पत्राखाली एक नवा प्रश्न होता. 'आपल्या हाताखाली आजवर काम केलेल्यांत हा उमेदवार कुठे बसतो?' पुढे चार चौकोन. पहिल्या एक टक्क्यात, पाच टक्क्यांत, दहा टक्क्यांत आणि बाकीचे. खाली टीप, की एका शिफारसकर्त्यानं एका वर्षी पहिल्या चौकोनात एकाच उमेदवारापुढे खूण करावी. ती फॉर्म घेऊन सरांकडे गेली. सर कोट चढवत होते. "अगं, ते तूच बघ. कोण किती पाण्यात आहे ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत," म्हणाले आणि बैठकीला गेले.

हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच घडलं की ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली. मी धाकटीचा नमुना पॉलिश करत होतो.

"मामा, एक खरं सांगाल? मी आणि धाकटी, दोघींत सरस कोण?"

मी मान वर न करता म्हणालो, "विचारायला हवं का? धाकटी! ती एकदा सांगते आणि काम होतं. तू एकेक तुकडा चार-चार वेळा परत आणतेस. जीव नकोसा करतेस माझा."

चेष्टा करायची माझी जुनी खोड. ती चार वेळा परत आणायची, कारण तीन वेळा माझंच चुकलेलं असायचं. हे मला माहीत होतं. ती "हं" म्हणाली आणि गेली. मी पुढे घासत राहिलो.

दोघींना मुलाखतीचं बोलावणं आलं. तडेबाई परत आली ती उत्साहात. प्रश्न चांगले विचारले, उत्तरं चांगली गेली. फक्त एक जण शेवटी म्हणाला, "तुमच्या सरांचं तुमच्याबद्दल नेमकं मत काय आहे?" मला सांगताना ती हसली, पण त्या हसण्यात दम नव्हता.

निकाल लागला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. धाकटी पळत हॉलमध्ये आली आणि तडेबाईच्या गळ्यातच पडली. तिला मिळाली होती. "ताई, तुझी पण आलीच असणार, बघ ना!" तडेबाईनं आधीच बघितलं होतं. तिनं मानेनंच 'नाही' म्हटलं. धाकटी रडायला लागली. खरंच रडली पोरगी, तिला मी नावं ठेवणार नाही. तडेबाईच तिची समजूत काढत होती. मग डोळे पुसत धाकटी म्हणाली, "ताई, मुलाखतीत त्यांनी सरांचं पत्र वाचून दाखवलं. 'ही मुलगी निकालापेक्षा निकालामागच्या शंकेवर जास्त प्रेम करते. माझ्या लॅबमध्ये असं माणूस मी आजवर पाहिलं नाही.' सर माझ्याबद्दल असा विचार करतात? मला तर वाटायचं त्यांना माझं नावही आठवत नाही."

तडेबाई म्हणाली, "छान लिहिलंय."

दुपारी फेलोशिपच्या समितीकडून तिला कागद आला. नाकारलेल्यांना कारणं कळवतात. ती तो माझ्याकडे घेऊन आली. 'संशोधनाची प्रत उत्तम. मुलाखत समाधानकारक. मात्र उमेदवाराच्या मार्गदर्शकालाच तिच्याबद्दल पुरेसा विश्वास असल्याचं शिफारसपत्रातून दिसत नाही. त्याच लॅबमधील दुसऱ्या उमेदवाराला त्यांनी स्पष्टपणे वरचं स्थान दिलं आहे.'

"सरांनी असं केलं?" माझं डोकंच फिरलं. "पाच वर्षं राबवून घेतलं, आणि वर हे?"

"सरांनी नाही, मामा. मी."

मग तिनं सगळं सांगितलं. चौकोनांचं, कोट चढवणाऱ्या सरांचं. "धाकटीचं पत्र आधी लिहिलं. भरभर लिहून झालं. मग माझं लिहायला बसले तर हात चालेना. सरांच्या नावानं मीच मला शाबासकी द्यायची? चोरी केल्यासारखं वाटलं हो. मागच्या दोन वेळांसारखंच 'नियमित आहे, मेहनती आहे, विश्वासू आहे' असं लिहिलं. घरकामाला बाई ठेवताना लिहितात तसं. आणि चौकोनाशी अडले, म्हणून तुम्हाला विचारलं."

"अगं, मी गंमत केली होती!"

"मला ते कळलं होतं," ती म्हणाली. "पण तुम्ही धाकटी म्हणालात तेव्हा बरं वाटलं. तिच्या पहिल्या चौकोनात खूण करायला कुणीतरी परवानगी दिली असं वाटलं."

इतका वेळ ती शांत होती. साडेसहाला फोन लावला. पलीकडून मुलानं काय विचारलं असेल ते मला ऐकू आलं नाही, पण ती म्हणाली, "हो रे, येणार आहे. आता तुझ्याकडेच येणार आहे, कायमची." पोरगं तिकडे आनंदानं किंचाळलं, ते मात्र मलाही ऐकू आलं. फोन ठेवून ती खाली जमिनीवर बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. घरी जायचंच होतं तिला, पाच वर्षं त्याचीच वाट पाहत होती. पण असं नव्हे. काम हातात घेऊन जायचं होतं. आता ती नुसतीच जाणार होती. मी तिच्या शेजारी पाना घेऊन उभा होतो, अगदी बिनकामाचा.

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या केबिनमध्ये गेलो. सव्वीस वर्षांत न बोलावता गेलेला तो पहिलाच दिवस. सगळं सांगितलं. सर आधी चिडले. "तिनं स्वतःला दुसऱ्या चौकोनात टाकलं? मूर्ख आहे का ती?"

"तुम्ही सही केलीत, सर."

"मी वाचतो का कधी!"

मी म्हणालो, "मग आता कळवा समितीला. पत्र तुमचं नव्हतं, तुमचं खरं मत वेगळं आहे, असं कळवा."

सरांनी चष्मा काढला. वाईट माणूस नाहीत ते. चष्मा टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "हे एक पत्र माझं नव्हतं म्हटलं, की मागच्या पाच वर्षांतली सगळी पत्रं संशयात येतात. किती पोरांच्या नोकऱ्या उभ्या आहेत त्यांवर. धाकटीची फेलोशिपही जाईल. सांगा, कळवू?"

ठोंब्या आठवला, धाकटी आठवली. तोंड घेऊन गेलो होतो, तोंड घेऊन परत आलो. तडेबाईला सांगितलं तर ती माझ्यावरच रागावली. "कशाला गेलात? धाकटीला यातलं अवाक्षर कळता कामा नये. शपथ आहे तुम्हाला." धाकटीला अजून माहीत नाही. सरांचं ते पत्र तिनं त्यांच्याकडून मागून घेतलं आणि चौकटीत घालून टेबलावर ठेवलंय. रोज येता-जाता मला ते दिसतं.

करार संपला त्या दिवशी मशीनमध्ये तिचा तुकडा चालूच होता. चौसष्ट लाख फेरे झाले होते, तडा आलेला नव्हता. मी म्हणालो, "राहू दे चालू, मी बघतो, कळवतो तुला." ती म्हणाली, "नको. सोमवारपासून मशीन धाकटीला लागणार आहे." तिनं स्वतःच बटण दाबलं आणि तुकडा काढून माझ्या कपाटात ठेवला. अर्धवट चाललेला नमुना कुणाच्याच कामाचा नसतो, हे तिला माझ्याहून जास्त माहीत होतं. जाता जाता अनुभवाचा दाखला घ्यायला सरांकडे गेली. सर सवयीनं म्हणाले, "तूच लिहून..." आणि जीभ चावली. मग स्वतः लिहायला बसले. दहा मिनिटं पेन घेऊन बसले, दोन ओळी झाल्या. तिच्या कामाबद्दल आणखी काय लिहायचं ते त्यांना माहीतच नव्हतं.

याला आता चार महिने झाले. अधूनमधून तिचा फोन येतो. "मुलगा खूश आहे, मामा. शाळेत सोडायला मीच जाते." आणि मग, "एक सांगू? त्याला सोडून आले की नऊ वाजता आवरून, केस विंचरून बसते. कुठे जायचं असतं कुणास ठाऊक." तिथल्या कॉलेजनं मशीन भंगारात काढलं. पगार न आणणाऱ्या बाईला ते खोली कशाला देतील? नवरा समजूतदार आहे, तो काही बोलत नाही. त्याचाच तिला जास्त त्रास होतो.

मागच्या आठवड्यात मला एका अनोळखी माणसाचा फोन आला. तिच्या गावाजवळ त्याचा टाक्या बनवण्याचा कारखाना. वेल्ड तपासायला माणूस हवा होता, तिनं अर्ज केला होता. सरांचं नाव न देता चौकशीसाठी माझा नंबर दिला होता.

"कशी आहे हो बाई कामाला?"

मी हातातलं सगळं खाली ठेवलं. या वेळी चेष्टा नाही की काही नाही. जे माहीत होतं ते सगळं सांगितलं. खडूच्या खुणा सांगितल्या, दहातल्या आठ वेळा सांगितल्या, माझी चूक तीन-तीनदा पकडायची ते सांगितलं. तुमच्या टाकीचा जोड तिनं पाहिला तर रात्री सुखानं झोपा, असंही म्हणालो. आयुष्यात कुणाबद्दल इतकं बोललो नसेन.

कारखानदार सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "अहो, एवढी गुणाची होती तर तुम्ही जाऊ कशी दिलीत तिला?"

मी म्हणालो, "आम्ही नालायक आहोत, साहेब."

तो मोठ्यानं हसला. त्याला वाटलं, मी गंमत करतोय.